शेअर्ड लायब्ररीतल्या सिम्बॉलच्या आवृत्त्या: पहिल्या रिलीजपासून कशा सांभाळायच्या

लिनक्सवर दुसरीकडे कम्पाइल केलेला प्रोग्रॅम चालवायला गेलं की ही तक्रार बऱ्याच जणांच्या वाट्याला येते: "लिबसी.एसओ.६: व्हर्जन जीएलआयबीसी_२.३४ नॉट फाउंड". प्रोग्रॅम सुरूच होत नाही. गंमत म्हणजे लिबसी.एसओ.६ नावाची फाइल मशीनवर असते, जागच्या जागी असते. सापडत नाही ती त्या फाइलीच्या आतली एक खूण. ती खूण म्हणजेच सिम्बॉलची, म्हणजे लायब्ररीतल्या फंक्शनच्या किंवा व्हेरिएबलच्या नावाची, आवृत्ती. लायब्ररी लिहिणाऱ्यानं ती नीट सांभाळली, तर दहा वर्षांपूर्वीची बायनरी आजच्या लायब्ररीवर बिनतक्रार चालते. हा लेख मुख्यतः सीमध्ये शेअर्ड लायब्ररी लिहिणाऱ्यांसाठी आहे. शेवटचा भाग मात्र अशा लायब्रऱ्या फक्त वापरणाऱ्यांच्याही कामाचा आहे.

आधी लिपीबद्दल. इथे आज्ञा, पर्याय आणि सिम्बॉलची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत करायची. नोडची, म्हणजे एकेका आवृत्तीखालच्या सिम्बॉलच्या गटाची, नावं कॅपिटलमध्ये लिहायची रीत आहे, आज्ञा स्मॉलमध्ये. जिथे कॅपिटल अक्षरामुळे अर्थ बदलतो तिथे तसं सांगितलं आहे.

सोनेम पुरेसं का नाही

लायब्ररीची आवृत्ती म्हटलं की पहिल्यांदा आठवतं ते सोनेम, म्हणजे एसओच्या पुढचा आकडा. लिबपंचांग.एसओ.१ चं लिबपंचांग.एसओ.२ केलं की जुने प्रोग्रॅम नव्या फाइलीकडे बघतच नाहीत. हा उपाय खरा, पण फार मोठा. एका फंक्शनचं वागणं बदललं म्हणून लायब्ररीवर अवलंबून असलेलं सगळं पुन्हा कम्पाइल करावं लागतं. तोवर एकाच प्रोसेसमध्ये एक प्लगइन जुनी लायब्ररी आणि दुसरं प्लगइन नवी लायब्ररी ओढून आणतं, आणि दोन्हींतली सारख्या नावाची फंक्शन्स एकमेकांच्या जागी जोडली जातात. असा बिघाड शोधायला फार त्रास होतो, कारण कोसळणारी ओळ आणि चुकलेली ओळ यांचा काही संबंधच दिसत नाही.

सिम्बॉल आवृत्ती ही खूण प्रत्येक फंक्शनवर वेगळी लावते. ही कल्पना आधी सन कंपनीच्या सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आली. उलरिख ड्रेपर आणि एरिक यंगडेल यांनी ती जीएनयूच्या साधनांत आणताना एक महत्त्वाची भर घातली: एकाच लायब्ररीत एकाच नावाच्या फंक्शनच्या अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी नांदू शकतात. १९९९ साली आलेल्या जीलिबसी (जीएनयूची सी लायब्ररी, म्हणजेच लिबसी.एसओ.६) २.१ पासून हे वापरात आहे. जीलिबसीचं सोनेम १९९७ पासून सहाच्या पुढे गेलेलं नाही, ते याच जोरावर.

हे काम कसं करतं याचा माझ्या मते सगळ्यात बोलका दाखला मेमरीतला मजकूर कॉपी करणाऱ्या मेमसीपीवाय या फंक्शनचा आहे. मेमरीतल्या दोन जागा एकमेकींवर चढत असतील तर मेमसीपीवाय वापरू नये, मेममूव्ह वापरावं, हे सीच्या मानकात स्पष्ट आहे. पण जुनं मेमसीपीवाय पुढून मागे कॉपी करत असल्यानं चुकीचा वापरही बऱ्याचदा निभावून जात होता. २०१० मध्ये नव्या प्रोसेसरांसाठी वेगवान केलेलं, काही वेळा उलट्या दिशेनं कॉपी करणारं मेमसीपीवाय फेडोरा १४ या लिनक्स वितरणात पोचलं आणि अडोबीच्या ६४ बिटी फ्लॅश प्लगइनचा आवाज खरखरू लागला. चूक फ्लॅशची होती, तरी त्रास वापरणाऱ्यांना होत होता. बग नोंदवलेल्या धाग्यावर खुद्द लिनस टोरवाल्ड्स वापरणाऱ्यांच्या बाजूनं भांडले. २०११ च्या जीलिबसी २.१४ मध्ये तोडगा निघाला. मेमसीपीवाय@जीएलआयबीसी_२.२.५ या जुन्या नावामागे मेममूव्हचं सुरक्षित वागणं ठेवलं आणि वेगवान रूपाला मेमसीपीवाय@@जीएलआयबीसी_२.१४ असं नवं नाव दिलं. जुन्या बायनरींवर २.२.५ ची खूण आधीच कोरलेली असल्यानं त्यांना सुरक्षित रूप मिळतं. नव्यानं कम्पाइल होणाऱ्यांना नवं मिळतं. कुणालाही सोर्समध्ये एक अक्षर बदलावं लागलं नाही.

त्या नावांतल्या चिन्हांचा अर्थ इथेच लक्षात घ्या. दोन ॲट म्हणजे ठरलेली आवृत्ती: आज लिंक करणाऱ्याला हीच मिळणार. एक ॲट म्हणजे फक्त जुन्या बायनरींसाठी राखलेली. लिंकर (कम्पाइल झालेले तुकडे जोडणारं साधन) ती नव्या प्रोग्रॅमला आपणहून देत नाही.

पायरी १: आहे ते उघडून बघा

स्वतःची लायब्ररी हातात घेण्याआधी एखादी नांदती लायब्ररी बघा. एनएम -डी (कॅपिटल डी) ही आज्ञा लिबसी.एसओ.६ वर चालवली की प्रत्येक नावापुढे ॲट आणि आवृत्ती दिसते. ऑब्जडम्प -टी (कॅपिटल टी) तेच जरा वेगळ्या मांडणीत दाखवतं. रीडएल्फ -व्ही (कॅपिटल व्ही) फाइलीतले तीन तक्ते उलगडतं: लायब्ररी कोणत्या आवृत्त्या देते, तिला दुसऱ्यांकडून कोणत्या लागतात, आणि कोणता सिम्बॉल कोणत्या आवृत्तीत बसतो.

यातला लागणाऱ्या आवृत्त्यांचा तक्ता नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचे सगळे नियम त्याच्यावर उभे आहेत. प्रोग्रॅम सुरू होताना त्याला लायब्रऱ्या जोडून देणारा लोडर सिम्बॉल एकेक करून तपासत बसत नाही. तो एवढंच बघतो, की लागणाऱ्या नावाचा नोड त्या लायब्ररीत आहे की नाही. नसेल तर वर दिलेली तक्रार करून तिथेच थांबतो. असेल तर पुढे जातो. त्या नोडमध्ये नेमकं फंक्शन आहे का, हे या टप्प्यावर कुणी विचारत नाही.

पायरी २: बाहेर काय द्यायचं ते ठरवा

सगळ्यात कंटाळवाणी पायरी हीच, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचीही. काही न सांगता लायब्ररी बांधली, तर स्टॅटिक नसलेलं प्रत्येक फंक्शन बाहेर दिसतं. तुमच्या लेखी आतलं असलेलं मदतनीस फंक्शन कुणीतरी वापरायला लागतं, आणि मग ते काढता येत नाही. म्हणून आधी हेडर फाइल समोर घ्या आणि तिच्यातली फंक्शन्स तेवढी यादीत लिहा.

उदाहरणासाठी लिबपंचांग नावाची छोटी लायब्ररी धरू. तारीख दिली की तिथी आणि नक्षत्र सांगणारी दोन फंक्शन्स तिच्यात आहेत. ही यादी लिंकरला देणारी पंचांग.मॅप नावाची फाइल अशी होईल:

पंचांग_१.० {
    ग्लोबल:
        पंचांग_तिथी;
        पंचांग_नक्षत्र;
    लोकल:
        *;
};

शेवटची चांदणी विसरू नका. यादीत नाही ते सगळं आत राहील, असं ती सांगते. ग्लोबलच्या खाली मात्र चांदणी कधीच घालू नका, पंचांग_* अशीसुद्धा नको. आज ती सोयीची वाटते, पण सहा महिन्यांनी कुणी आतल्या वापरासाठी पंचांग_ ने सुरू होणारं फंक्शन लिहिलं, की ते कुणाला न विचारता बाहेर पडतं, आणि तेही जुन्या नोडमध्ये.

कम्पाइल करताना -एफव्हिजिबिलिटी=हिडन द्यायचं आणि बाहेर द्यायच्या फंक्शनांवर हेडरमध्ये व्हिजिबिलिटी डीफॉल्ट असं लिहायचं. मॅप फाइल असताना हे कशाला, असा प्रश्न येतो. मॅप फाइल लिंकर वाचतो, कम्पाइलर वाचत नाही. कोणती फंक्शन्स आतच राहणार हे कम्पाइलरला आधी कळलं, तर तो आतल्या आतले कॉल थेट करतो आणि कोडही आटोपशीर होतो.

पायरी ३: बांधा आणि लगेच तपासा

लिंक करताना जीसीसी या कम्पाइलरला चार गोष्टी लागतात: -शेअर्ड, -एफपिक (पिक कॅपिटलमध्ये), -डब्ल्यूएल,-सोनेम,लिबपंचांग.एसओ.१ आणि -डब्ल्यूएल,--व्हर्जन-स्क्रिप्ट=पंचांग.मॅप. डब्ल्यू कॅपिटल, एल स्मॉल, आणि स्वल्पविरामांच्या आजूबाजूला जागा सोडायची नाही.

पाचवी गोष्टही जोडा: -डब्ल्यूएल,--नो-अनडिफाइन्ड-व्हर्जन. मॅप फाइलीत नाव आहे आणि कोडमध्ये ते फंक्शनच नाही, अशा वेळी जीएनयूचा लिंकर एरवी गप्प राहतो. टायपिंगची चूक झाली किंवा कुणी फंक्शन काढून टाकलं, तरी बांधणी यशस्वी होते आणि सिम्बॉल मात्र गायब. एलएलव्हीएम प्रकल्पाच्या एलएलडी लिंकरनं १६ व्या आवृत्तीपासून ही सक्ती आपणहून लावली आहे. जीएनयूकडे ती मागून घ्यावी लागते.

मग एनएम -डी --डिफाइन्ड-ओन्ली चालवा. पंचांग_तिथी@@पंचांग_१.० आणि पंचांग_नक्षत्र@@पंचांग_१.० एवढंच दिसायला हवं, शिवाय नोडचं स्वतःचं नाव. आणखी काही दिसलं तर रिलीज थांबवा.

लायब्ररी आधीपासून लोकांच्या वापरात असेल आणि आजवर आवृत्त्या नसतील, तरी आज सुरुवात करता येते, सोनेम न बदलता. खूण नसलेल्या जुन्या बायनरी आल्या की लोडर त्यांना सगळ्यात पहिला नोड देतो. म्हणून आज वापरात असलेली सगळी फंक्शन्स पहिल्याच नोडमध्ये घाला. उलटा प्रवास मात्र टाळा. आवृत्त्या एकदा देऊन मग काढल्या, तर प्रोग्रॅम चालतील, पण लायब्ररीत आवृत्तीची माहिती नाही, अशी सूचना वापरणाऱ्यांना दर वेळी वाचावी लागेल.

पायरी ४: नवं फंक्शन आलं तर नवा नोड

१.१ मध्ये सूर्योदयाची वेळ देणारं पंचांग_सूर्योदय आलं. मॅप फाइलीत खाली भर घाला:

पंचांग_१.१ {
    ग्लोबल:
        पंचांग_सूर्योदय;
} पंचांग_१.०;

शेवटचं नाव म्हणजे आधीचा नोड. लोकलची चांदणी पहिल्या नोडमध्ये आहे, पुन्हा लिहायची गरज नाही. प्रत्येक रिलीजला नोड काढायचा नसतो. नवा सिम्बॉल आला नाही तर १.२ आणि १.३ नोडशिवायच निघतील.

हे फंक्शन आधीच्याच पंचांग_१.० मध्ये एका ओळीनं घालावं, असा मोह होतो. तसं केलं तर काय होतं ते बारकाईनं बघा. एकानं नव्या लायब्ररीवर प्रोग्रॅम बांधला. त्याच्या तक्त्यात नोंद झाली: पंचांग_१.० हवं. तो प्रोग्रॅम जुनी लायब्ररी असलेल्या मशीनवर गेला. लोडरनं बघितलं, पंचांग_१.० आहे, सगळं ठीक. प्रोग्रॅम सुरू झाला, काम करू लागला. फंक्शनचे पत्ते पहिल्या कॉलच्या वेळी शोधायची पद्धत चालू असेल, तर अर्ध्या तासानं कुणीतरी सूर्योदयाचा पर्याय निवडतो आणि सिम्बॉल सापडत नाही म्हणून चालतं काम तिथेच कोसळतं. वेगळा नोड असता, तर हाच प्रोग्रॅम सुरू होतानाच स्पष्ट तक्रार करून थांबला असता. म्हणून एकदा रिलीज झालेल्या नोडला हात लावायचा नाही. त्यात भर नाही, त्यातून वजाबाकी नाही, नाव बदलणं तर नाहीच.

पायरी ५: जुन्याच नावाचं वागणं बदलायचं असेल तर

पहिल्या आवृत्तीत पंचांग_तिथी फक्त तारीख घेत होतं आणि एकच ठरलेलं ठिकाण धरून सूर्योदयाची तिथी देत होतं. पण सूर्योदय ठिकाणागणिक बदलतो. रत्नागिरी आणि नागपूर यांच्यात नुसत्या रेखांशामुळे वीसेक मिनिटांचा फरक पडतो, आणि न्यू जर्सीत राहणाऱ्याला तर कधी कधी दिवसच वेगळा येतो. तेव्हा अक्षांश आणि रेखांश घेणारं रूप हवं.

इथे माझं स्पष्ट मत: बहुतेक वेळा पंचांग_तिथी_स्थळ असं नवं नाव द्यावं, पायरी ४ प्रमाणे नव्या नोडमध्ये घालावं आणि जुनं फंक्शन आहे तसं ठेवावं. एकाच नावाच्या दोन आवृत्त्या ही ताकदीची सोय आहे, पण वाचणाऱ्याला सोर्समध्ये सहज दिसत नाही. तिच्याकडे वळावं ते नाव बदलणं खरंच शक्य नसेल तेव्हा. मेमसीपीवायचं तसंच होतं, ते नाव सीच्या मानकातलं.

वळायचंच ठरलं तर मॅपमध्ये पंचांग_२.० नोड घाला, त्यात पंचांग_तिथी पुन्हा लिहा. ते पंचांग_१.० मध्येही राहू द्या. कोडमध्ये पंचांग_तिथी या नावाचं फंक्शन ठेवू नका. दोन वेगळी लिहा, पंचांग_तिथी_जुनी आणि पंचांग_तिथी_नवी, आणि त्यांना बाहेरची नावं जोडा:

असेम(".सिमव्हर पंचांग_तिथी_जुनी, पंचांग_तिथी@पंचांग_१.०");
असेम(".सिमव्हर पंचांग_तिथी_नवी, पंचांग_तिथी@@पंचांग_२.०");

असेमच्या आगेमागे दोन दोन अंडरस्कोर लागतात. हेडरमध्ये फक्त नवी घोषणा.

इथे हमखास अडायच्या जागा दोन. पहिली व्हिजिबिलिटीची. हिडन पर्याय चालू असताना पंचांग_तिथी_जुनी आपोआप हिडन होतं, आणि सिमव्हरनं दिलेलं नाव तोच गुण घेतं. मग बाहेर काहीच दिसत नाही. दोन्ही फंक्शनांवर व्हिजिबिलिटी डीफॉल्ट लिहा, स्टॅटिक करू नका. त्यांची मूळ नावं चांदणीमुळे आतच राहतात. दुसरी जागा लिंकच्या वेळच्या ऑप्टिमायझेशनची, म्हणजे एलटीओची. ते चालू असताना असेमची ओळ आणि तिचं फंक्शन वेगवेगळ्या तुकड्यांत जाऊ शकतात आणि लिंक फसतं. यासाठी जीसीसी १० मध्ये सिमव्हर नावाचं ॲट्रिब्यूट आलं. ते थेट फंक्शनला चिकटतं, त्यामुळे जुने कम्पाइलर सांभाळायचे नसतील तर तेच वापरा.

पायरी ६: जुनी बायनरी जपून ठेवा

सगळा खटाटोप जुन्या बायनरींसाठी आहे, तेव्हा चाचणीही त्यांच्यावरच हवी. प्रत्येक रिलीजच्या वेळी सगळी फंक्शन्स वापरणारा एक छोटा प्रोग्रॅम त्या लायब्ररीवर बांधा आणि ती बायनरी जपून ठेवा. सोर्स ठेवून भागत नाही, कारण पुन्हा कम्पाइल केलं की ती नवी खूण घेते. पुढच्या प्रत्येक रिलीजला एलडी_लायब्ररी_पाथ नव्या लायब्ररीकडे वळवून या जुन्या बायनरी चालवा आणि उत्तरं ताडून बघा. कोणतं नाव कुठे जोडलं गेलं याची शंका आली तर एलडी_डीबग=बाइंडिंग्ज लावा. आवृत्त्यांची तपासणी दिसायला एलडी_डीबग=व्हर्जन्स आहे.

लिबॲबिगेल प्रकल्पातलं एबीआयडिफ हे साधन दोन लायब्रऱ्या समोरासमोर ठेवून काय गेलं, काय आलं, कोणत्या स्ट्रक्चरची मांडणी बदलली ते सांगतं. डीबग माहितीसह बांधलेल्या फाइली त्याला द्या, नाहीतर ते स्ट्रक्चरबद्दल काही बोलणार नाही. डेबियनचं पॅकेज करणारे सिम्बॉल्स फाइल ठेवतात. डीपीकेजी-जेनसिम्बॉल्स तिच्याशी ताळा करतं आणि एखादा सिम्बॉल गायब झाला तर बांधणी थांबवतं.

जिथे या खुणा कमी पडतात

हेडरमध्ये उघड्या स्ट्रक्चरमध्ये एक फील्ड वाढवलं, तर त्याचा आकार वापरणाऱ्याच्या बायनरीत आधीच बसलेला असतो. ते स्ट्रक्चर घेणाऱ्या प्रत्येक फंक्शनची जुनी आवृत्ती ठेवावी लागेल, आणि ते पुढे झेपत नाही. स्ट्रक्चर पहिल्या दिवसापासून झाकलेलं ठेवा, बाहेर फक्त पॉइंटर द्या. ग्लोबल व्हेरिएबल बाहेर देऊच नका. अनेकदा ते प्रोग्रॅममध्ये कॉपी होतं, लिंक करतानाच्याच आकारानं, मग तो आकार बदलता येत नाही. त्याऐवजी किंमत देणारं फंक्शन लिहा.

सी++ मध्ये हे शक्य आहे. लिबएसटीडीसी++.एसओ.६ हे सोनेम २००४ पासून तसंच आहे, आणि जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४ च्या पुढे नोड वाढत गेले आहेत. पण टेम्प्लेट आणि इनलाइन कोड वापरणाऱ्याच्या बायनरीत जातो, तिथे खुणेचा हात पोचत नाही. २०१५ साली जीसीसी ५ मध्ये एसटीडी::स्ट्रिंगची मांडणी बदलली तेव्हा वेगळी नेमस्पेस करावी लागली. सी++ लायब्ररी लिहीत असाल तर बाहेरचा दरवाजा सीचा ठेवा, असंच मी सुचवेन.

अल्पाइन लिनक्समधल्या मसल या सी लायब्ररीत सिम्बॉलना आवृत्त्या नसतात. मॅकओएस आणि विंडोजवर ही यंत्रणाच नाही. तिथेही तीच लायब्ररी द्यायची असेल, तर पायरी ५ ऐवजी नवं नाव देण्याला आणखी एक कारण मिळालं.

दुसऱ्या बाजूनं: २.३४ सापडत नाही म्हणणारा प्रोग्रॅम

ऑगस्ट २०२१ च्या जीलिबसी २.३४ मध्ये थ्रेडची लिबपीथ्रेड मुख्य लायब्ररीत विलीन झाली, आणि प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या लिबसी_स्टार्ट_मेन या फंक्शनलाही २.३४ ची नवी आवृत्ती मिळाली. त्यामुळे २.३४ किंवा पुढच्या जीलिबसीवर रिकामं मेन कम्पाइल केलं तरी ते २.३४ मागतं. उबुंटू २२.०४ मध्ये २.३५ आहे, २०.०४ मध्ये २.३१, म्हणून २२.०४ वर बांधलेलं २०.०४ वर चालत नाही.

नवी लिबसी.एसओ.६ कुठून तरी आणून जुन्या मशीनवर टाकू नका. लोडर आणि लिबसी एकमेकांशी घट्ट बांधलेले असतात. ही फाइल बदलली तर एलएस सारखी साधी आज्ञाही चालेनाशी होऊ शकते. सिमव्हर लावून मेमसीपीवाय जुन्या आवृत्तीला बांधायचा सल्लाही वाचायला मिळतो. तो एका सिम्बॉलपुरता चालतो, पण मग स्टार्ट_मेन, मग एखादं गणिती फंक्शन, अशी यादी दर कम्पाइलला बदलत राहते.

खरा उपाय जुन्या पायावर बांधणं हाच आहे. तुमच्या वापरणाऱ्यांपैकी सगळ्यात जुनं वितरण कोणतं ते ठरवा, त्याच्या कंटेनरमध्ये कम्पाइल करा. जुनी खूण घेतलेली बायनरी नव्या जीलिबसीवर चालते, कारण तिथे जुने नोड जपलेले असतात. पायथनच्या मॅनीलिनक्स२०१४ व्हील्समागे (आधीच कम्पाइल केलेल्या पॅकेजांमागे) हीच युक्ती आहे: सेंटओएस ७ वर बांधायचं, म्हणजे जीलिबसी २.१७ पुरते.

रिलीजआधी आपल्या बायनरीवर ऑब्जडम्प -टी चालवा, ओळींमधली जीएलआयबीसी_ ने सुरू होणारी नावं तेवढी वेगळी काढा आणि सॉर्ट -व्ही (कॅपिटल व्ही) नं क्रम लावा. साध्या सॉर्टला २.४ हे २.३४ पेक्षा मोठं वाटतं. सगळ्यात खाली येणारा आकडा म्हणजे तुमच्या प्रोग्रॅमला लागणारं किमान जीलिबसी. तो इन्स्टॉलच्या सूचनांमध्ये पहिल्याच ओळीत लिहा.